सवयींचा माग काढणारे डॉक्टर : वसंत रामजी खानोलकर

जुन्या भोपाळची ओळख सांगताना वडीलधारी मंडळी ‘जर्दा, पर्दा आणि गर्दा’ असे तीन शब्द हटकून उच्चारतात. त्यांपैकी पर्दा बेगमांच्या राज्याबरोबर बराचसा मागे पडला आणि गर्दा, म्हणजे धूळ, अजून उन्हाळ्यात तलावावरून वारा सुटला की आपल्या घरात येतेच. उरला जर्दा. हा तंबाखूचा प्रकार या शहराच्या ओळखीतच जाऊन बसावा, इतका तो येथे रुळलेला आहे. मणी आणि जर यांनी मढविलेला भोपाळी बटवा पाहुणे आज कौतुकाने विकत घेतात. पण हा बटवा मुळात शोभेसाठी नव्हता. सुपारी, लवंग, वेलदोडा आणि त्यांच्या सोबतीने जर्दा जवळ बाळगण्यासाठी तो होता. या बटव्यातील एका जिनसेचा हिशेब ज्या मराठी डॉक्टरांनी अतिशय चिकाटीने मांडला, त्यांच्या जीवनकार्याची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांना आणि त्यांच्या घरच्या मंडळींना करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावाची खूण सांगते. (‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर ते हे नव्हेत; दोघांच्या जन्मांत पस्तीस वर्षांचे अंतर आहे.) वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. त्या काळी नामांकित डॉक्टराने खाजगी दवाखाना थाटून संपत्ती जोडावी, ही रूढ वाट होती. खानोलकर त्या वाटेला गेले नाहीत.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण या शास्त्रज्ञाची आणि रोग्याची गाठ सहसा पडत नाही. शस्त्रवैद्याने काढलेला गाठीचा तुकडा त्याच्याकडे येतो. तो तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप घ्यावयाचे, ते काचपट्टीवर पसरून त्यांना रंग द्यावयाचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना न्याहाळावयाची. निरोगी पेशी एखाद्या शिस्तीच्या वर्गाप्रमाणे आपापल्या ओळीत असतात. कर्करोगाच्या पेशी ओळ मोडतात, अवाच्या सवा वाढतात आणि शेजारच्या अवयवांत घुसतात. गाठ साधी की घातकी, याचा निवाडा हा काच पाहणारा डॉक्टर देतो आणि त्याच्या एका वाक्यावर रोग्याचा पुढील सारा उपचार अवलंबून असतो. खानोलकरांनी आपले आयुष्य या सूक्ष्मदर्शकापाशी काढले. त्यांचे वेगळेपण असे, की काचेवरील पेशींवरून नजर उचलून, हा मनुष्य काय खातो, काय नेसतो, तोंडात काय धरतो, हे ते विचारीत राहिले.

त्या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळची समजूत ध्यानात घ्यावी लागेल. कर्करोग हा पाश्चात्त्यांचा, सुधारलेल्या देशांचा रोग आहे. हिंदुस्थानात तो विरळा, असे पुष्कळ जण मानीत. आपल्याकडे सरासरी आयुर्मान कमी होते. पटकी, प्लेग, हिवताप, क्षय यांनी माणसे तरुणपणीच जात. आणि कर्करोग हा बहुधा उतारवयात दिसणारा. शिवाय खेड्यात मेलेल्या माणसाच्या मरणाचे कारण कोण तपासतो? जे मोजलेच जात नाही ते नाही असे समजणे सोपे असते. १९३० नंतरच्या दशकात विश्व नाथ व ग्रेवाल यांनी देशातील रुग्णालयांच्या नोंदी चाळून या समजुतीला पहिला जोराचा धक्का दिला. त्यानंतर २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ टाटांच्या विश्वस्त निधीने हे रुग्णालय उभारले. तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे संचालकपद खानोलकरांकडे आले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रोगी आता एका छपराखाली दिसू लागले.

तेथे जे दिसले ते पाश्चात्त्य ग्रंथांत लिहिल्यासारखे नव्हते. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रोगी फार मोठ्या संख्येने येत. खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १००० रुग्णांचा आढावा घेऊन १९४४ साली तो अमेरिकेतील ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गाठ गालाच्या आतल्या बाजूस आहे, हिरडीवर आहे, जिभेच्या शेंड्यास आहे की मुळाशी, याची बारीक नोंद ठेवल्यावर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येऊ लागते. तंबाखूची गोळी किंवा विडा ज्या जागी माणूस तासन्‌तास धरून ठेवतो, बहुधा त्याच जागी रोग उगवतो. उत्तरेकडील मजूर तंबाखूत चुना मळून त्याची चिमूट खालच्या ओठामागे दडपून ठेवतात. तिला ते खैनी म्हणतात. त्यांच्यात गाठ आढळे ती नेमकी ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या त्या खोबणीत.

पुढच्याच वर्षी, १९४५ साली, खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक निबंध लिहिला. लोकांच्या रूढींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार भारतात आढळतात, हा त्याचा विषय. आमच्या मते खानोलकरांच्या साऱ्या कार्याचे सार या निबंधाच्या मथळ्यातच आहे. खैनीचा कर्करोग त्यांत आला, तसाच धोतराचाही आला! धोतर नेसल्याने कर्करोग होतो, हे वाचून आमचे वाचक हसतील. परंतु गोष्ट खरी आहे. कमरेला धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधली, त्यात घाम आणि घर्षण यांची भर पडली, की तेथील कातडी प्रथम काळवंडते किंवा पांढुरकी पडते, मग जाड होते, चिरते, बरी होते, पुन्हा चिरते. आणि अशा वीसएक वर्षांच्या छळानंतर क्वचित एखाद्याच्या बाबतीत त्या जखमेचे रूपांतर कर्करोगात होते. पुढे परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांतही असेच रोगी आढळले. म्हणून कोणी धोतर-लुगडे टाकून द्यावे असे मुळीच नाही. हा प्रकार अगदी विरळा आहे, आणि नाडी सैल बांधली किंवा जागा बदलती ठेवली तरी पुरते. महत्त्व आहे ते त्यातून दिसणाऱ्या तत्त्वाला. शरीराचा एकच भाग सतत दुखावत राहिला, तर तो दुरुस्त करण्यासाठी पेशींना पुनःपुन्हा विभागावे लागते, आणि विभागणी जितकी अधिक, तितकी चूक होण्याची संधीही अधिक.

अशा उदाहरणांची एक मालिकाच आपल्या देशात आहे. काश्मिरात थंडीच्या दिवसांत वेताच्या विणीत बसविलेले निखाऱ्यांचे मडके, म्हणजे कांगडी, फेरनच्या आत पोटाशी धरतात. तेथील लोकांच्या पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन एल्म्स्ली या डॉक्टरांनी १८६६ सालीच केले होते. आंध्रच्या किनाऱ्यावरील काही भागांत, विशेषतः स्त्रिया, चुट्टा पेटवून त्याचे जळते टोक तोंडाच्या आत धरतात. वाऱ्याने विझू नये म्हणून ही पद्धत पडली, असे सांगतात. त्यांच्यात टाळूचा कर्करोग आढळतो, जो अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळतो. विलायतेत पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ साली, धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचे मूळ काजळीत आहे, असे दाखविले होते. जपानात यामागिवा व इचिकावा यांनी सशाच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून १९१५ साली प्रयोगशाळेत प्रथमच असा कर्करोग निर्माण केला. म्हणजे बाहेरच्या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो, हे जगाला ठाऊक होते. खानोलकरांनी हे सूत्र हाती घेऊन आपल्या माणसांच्या घरांत, कपड्यांत आणि पानपुड्यांत त्याचा शोध घेतला. परदेशी ग्रंथांतील प्रश्नांची उत्तरे पाठ करण्याऐवजी येथल्या मातीतले प्रश्न त्यांनी जगापुढे ठेवले, ही त्यांची खरी थोरवी.

येथे एखादा चौकस विद्यार्थी शंका काढील. हजार रोग्यांपैकी पुष्कळ जण तंबाखू खात होते हे खरे. पण मुंबईच्या रस्त्यावरील हजार निरोगी माणसे पकडली, तर त्यांतही तंबाखू खाणारे पुष्कळ निघतील. मग तंबाखूच दोषी, हे कशावरून? शंका अगदी रास्त आहे, आणि शास्त्राची प्रगती अशाच शंकांनी होते. तिचे उत्तर देण्यासाठी रोगी आणि निरोगी या दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारावे लागतात आणि दोहोंतील प्रमाणाची तुलना करावी लागते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्याविषयी डॉल व हिल यांनी इंग्लंडात १९५० साली अशीच तुलना प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे सांघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईत ती केली आणि १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. तंबाखू चघळणाऱ्यांत रोग मुख्यतः तोंडाच्या पोकळीत, तर विडी ओढणाऱ्यांत तो अधिक मागे, घशाच्या बाजूस, असा भेदही त्यांना दिसला. सवय बदलली की रोगाची जागा बदलते. याहून बोलका पुरावा तो कोणता!

मुंबई हे अशा संशोधनाला फार सोयीचे शहर होते. एकाच हवेत, एकच पाणी पिऊन राहणारे निरनिराळे समाज तेथे आहेत आणि त्यांचे आचार वेगवेगळे. पारशी समाज अग्नीला पवित्र मानतो, म्हणून त्यांच्यात धूम्रपान कमी. आणि तोंडा-घशाचा कर्करोगही त्यांच्यात कमी आढळे. उलट पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा अधिक. हवापाणी एकच असता असा फरक का पडावा? आचार किती आणि आनुवंशिकता किती, हे निवडून काढण्यासाठी खानोलकरांनी डॉ. सांघवी यांच्यासह मुंबईतील सहा ज्ञातींच्या रक्तगट आदी आनुवंशिक लक्षणांची मोजणी केली आणि ती १९४९ साली प्रसिद्ध झाली. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत आकडेशास्त्र जाणणारा माणूस बसविणे ही गोष्ट त्या वेळी नवलाची होती. आज तिच्यावाचून कोणतीही वैद्यकीय संस्था चालत नाही.

माणसे निवडण्याचे त्यांचे हे कसब आणखी एका उदाहरणावरून दिसते. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, फर्ग्युसन कॉलेजातून जीवशास्त्रात नाव काढलेल्या कमल समर्थ विवाहानंतर कमल रणदिवे होऊन मुंबईस आल्या आणि टाटा रुग्णालयात काम करू लागल्या. त्या डॉक्टर नव्हत्या. वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून त्यांनी एम. एस्‌सी. केले होते. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच. डी. मिळविली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, पेशी जगविण्याची विद्या आत्मसात केली. मानवी कर्करोगाच्या पेशींची जी पहिली अखंड वाढणारी जात ‘हेला’ या नावाने जगभर गेली, ती १९५१ साली याच गाय यांच्या प्रयोगशाळेत निपजली. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याची धुरा खानोलकरांकडे होती. तेथे कमलाबाईंनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशातील या प्रकारची ती पहिली मानली जाते. पुढे १९६६ ते १९७० या काळात त्यांनी स्वतः या केंद्राचे संचालकपद सांभाळले, १९७३ साली सहकारी भगिनींसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघाची स्थापना केली, आणि १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. गुरूने सूक्ष्मदर्शकातून मेलेल्या पेशी पाहिल्या, शिष्येने जिवंत पेशी वाढविल्या, असे म्हणता येईल. आमच्या शाळेतील मुलींनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

या केंद्रात कुष्ठरोगावरही काम चाले. कुष्ठाचे जंतू शरीरात मज्जातंतूंच्या वाटेने कसे पसरतात, हा खानोलकरांच्या विशेष आवडीचा विषय होता. १९५८ साली केंद्रात कुष्ठरोग्याच्या शरीरातून एक जंतू वेगळा काढून वाढविण्यात आला. तो कुष्ठाचाच जंतू की दुसरा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले; तरी त्यापासून लस करण्याचे प्रयत्न पुढे बरीच वर्षे चालले. खानोलकरांना सन्मानही पुष्कळ लाभले. ते पद्मभूषण होते, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते, कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष होते, आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा आपल्या गावाकडे वळू. खानोलकरांच्या पश्चात सहा वर्षांनी, १९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरमधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि भोपाळवर काय ओढवले, ते येथल्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. जे वाचले त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला, आणि तो आजही अनेकांच्या मनात आहे : या वायूमुळे पुढे कर्करोग होईल काय? अशा प्रश्नाचे उत्तर भीतीने किंवा धीराच्या शब्दांनी देता येत नाही. त्याला मोजणी लागते. मुंबईत १९६३ पासून शहरातील प्रत्येक कर्करोग्याची नोंद ठेवली जात होती. त्याच धर्तीवर भोपाळात गांधी मेडिकल कॉलेजात १९८६ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी करणारे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्यूच्या नोंदी धुंडाळतात. शहरातील रहिवाशाला कर्करोग झाल्याचे कळले, की त्याचे वय, वस्ती आणि रोगाची जागा लिहून घेतात.

या नोंदींत भोपाळच्या पुरुषांमध्ये तोंड, जीभ आणि फुप्फुस यांचे कर्करोग आघाडीवर दिसले. हे सारे वायूचे म्हणावे, तर तसेही नाही. कारण या तिन्ही जागा तंबाखूच्याही आहेत. वायूचा वाटा किती, हे न्यायाने ठरवावयाचे, तर आधी जर्द्याचा आणि विडीचा वाटा वेगळा काढावा लागतो. नाहीतर वायुपीडितांच्या खऱ्या दुःखाचा हिशेबही धुरातच हरवतो. दीक्षित व कान्हेरे या संशोधकांनी भोपाळातील रोगी आणि निरोगी अशा दोहोंना त्यांच्या सवयी विचारून केलेली तुलना २००० साली प्रसिद्ध झाली. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी आणि विडीचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी, हे त्यात स्पष्ट दिसले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मुंबईत वापरलेली तीच रीत या शहरातही उपयोगी पडली.

खानोलकरांच्या काळी जी गोष्ट अर्धवट कळली होती ती नंतर पूर्ण उलगडली. विड्यातील दोष एकट्या तंबाखूचा की सुपारीचाही, असा वाद फार दिवस होता. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली, सुपारी खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते, अशा विकाराचे वर्णन केले. तो कर्करोगाचा पूर्वरंग ठरू शकतो. अखेर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविना नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचे नमूद केले. ‘आम्ही तंबाखू नाही खात, नुसती गोड सुपारी खातो’ असे म्हणणाऱ्या आमच्या बालमित्रांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

१ एप्रिल २०१२ पासून मध्य प्रदेशाने गुटख्याच्या विक्रीवर बंदी घातली. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. महाराष्ट्राने त्याच वर्षी हा मार्ग धरला. बंदी होती ती सुपारी व तंबाखू एकत्र मिसळून विकण्यावर. काही दिवसांतच पानाच्या ठेल्यांवर दोन वेगळ्या पुड्या जोडीने टांगलेल्या दिसू लागल्या. एकीत सुपारी, दुसरीत तंबाखू. मिसळण्याचे काम गिऱ्हाईकाने आपल्या तळहातावर करावयाचे. तंबाखूचा परिणाम दिसावयास वीस-तीस वर्षे लागतात. तेव्हा त्या पुड्यांचा हिशेब आज वर्गात बसलेली मुले चाळिशीत पोहोचतील, तेव्हा गांधी मेडिकल कॉलेजातील नोंदवहीत लिहिला जाईल.